मस्तकाधार (प्राचीन इजिप्त)

मस्तकाधार म्हणजे प्राचीन इजिप्तमध्ये झोपताना डोके टेकवण्यासाठी उशीऐवजी वापरले जाणारे उंच, टणक आसन. बैठक, मधला खांब आणि वरचा अर्धचंद्राकृती खोलगट भाग असे त्याचे तीन घटक असतात. बहुतेक मस्तकाधार लाकडाचे असून दगड, हस्तिदंत आणि काच यांचेही नमुने उपलब्ध आहेत. जुन्या राज्याच्या काळापासून (इ.स.पू. तिसरे सहस्रक) पुढे दोन हजार वर्षांहून अधिक काळ ही वस्तू घरांत आणि थडग्यांत आढळते. आकार लहान, घडण देखणी आणि संख्या बऱ्यापैकी असल्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून ती खासगी संग्राहकांच्या आवडीची पुरावस्तू ठरली. मात्र उत्खननाची नोंद नसलेल्या मस्तकाधारांमुळे पुरावस्तूंच्या व्यापारासंबंधीचे अनेक प्रश्नही उभे राहिले आहेत.

नाव

प्राचीन इजिप्शियन भाषेत या वस्तूला ‘वेरेस’ असे म्हटले जाई. चित्रलिपीत तिचे स्वतंत्र चिन्ह असून ते वस्तूच्या आकाराशी तंतोतंत जुळते. मराठीत रूढ प्रतिशब्द नसल्याने ‘मस्तकाधार’ ही संज्ञा वर्णनात्मक अर्थाने वापरली जाते.

रचना आणि साहित्य

मस्तकाधाराची उंची साधारणपणे १५ ते २० सेंटीमीटर असते. काही नमुने एकाच ओंडक्यातून कोरलेले आहेत. इतरांत तीन भाग वेगवेगळे घडवून एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले दिसते. घडीच्या स्टुलाप्रमाणे मिटणारे नमुनेही सापडले आहेत. इजिप्तमध्ये मोठ्या, सरळ वाढणाऱ्या झाडांची वाण असल्याने सुतार बाभळीच्या जातीचे, झाऊचे आणि औदुंबराच्या वर्गातील स्थानिक अंजिराचे लाकूड वापरत. अबनूस बाहेरून येत असल्याने ते श्रीमंतांपुरतेच मर्यादित होते. जुन्या राज्याच्या काळातील सरदारांच्या थडग्यांत अलाबास्टर दगडाचे, खांबावर उभ्या पन्हळी कोरलेले मस्तकाधार मिळतात. काही नमुन्यांच्या खांबावर मालकाचे नाव आणि पद कोरलेले असते. अशी नोंद अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष मोलाची ठरते.

दैनंदिन उपयोग

झोपणारी व्यक्ती बहुधा कुशीवर निजत असे आणि खोलगट भागात डोक्याची बाजू टेकत असे. टणकपणा कमी करण्यासाठी त्यावर तागाचे कापड गुंडाळले जाई. डोके उंच राहिल्याने हवा खेळती राहते, केशरचना बिघडत नाही आणि जमिनीवरील किड्यांपासून बचाव होतो, असे उपयोग अभ्यासक सुचवतात. झोप ही असुरक्षित अवस्था मानली जात असल्याने बेस या ठेंगण्या, रक्षक देवतेची आकृती अनेक मस्तकाधारांवर कोरलेली दिसते.

टणक उशाची कल्पना फक्त इजिप्तपुरती नाही. चीनमध्ये चिनीमातीच्या उशा वापरल्या जात, तर इथिओपिया, सोमालिया आणि झिंबाब्वे येथे लाकडी मस्तकाधारांची परंपरा अलीकडच्या काळापर्यंत टिकून होती. उशाला लाकडी पाट घेऊन निजण्याची सवय महाराष्ट्रातही अपरिचित नाही.

अंत्यसंस्कारातील स्थान

मस्तकाधार मृताच्या डोक्याखाली किंवा शवपेटीजवळ ठेवला जाई. परलोकात मृताचे डोके धडापासून वेगळे होऊ नये आणि त्याला पुन्हा उठता यावे, ही त्यामागील श्रद्धा होती. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातील १६६ वा मंत्र याच वस्तूशी संबंधित आहे. अर्धचंद्राकृती भागावर टेकलेले डोके दोन टेकड्यांमधून उगवणाऱ्या सूर्यासारखे दिसते, त्यामुळे मस्तकाधाराचा संबंध पुनर्जन्माशीही जोडला जातो. उत्तरकाळात हेमॅटाइट या गडद खनिजाचे चिमुकले मस्तकाधार ताईत म्हणून ममीसोबत ठेवले जात.

महत्त्वाचे नमुने

खुफू राजाची माता हेतेफेरेस हिच्या गिझा येथील थडग्यात १९२५ मध्ये राजघराण्यातील शयनगृहाचे साहित्य सापडले. त्यात सोन्याचांदीचा पत्रा मढवलेला लाकडी मस्तकाधार होता. वास्तुकामावरील अधिकारी खा आणि त्याची पत्नी मेरित यांचे देइर एल्-मदिना येथील थडगे १९०६ मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना अखंड स्थितीत मिळाले. तेथील शय्या, कपडे आणि मस्तकाधार आज इटलीतील तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात एकत्र पाहता येतात. हॉवर्ड कार्टर यांना १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अनेक मस्तकाधार होते. त्यांपैकी हस्तिदंती मस्तकाधारावर वायुदेव शू वरचा भाग हातांनी पेलत असून दोन्ही बाजूंना सिंह आहेत. त्याच ममीसोबत मिळालेला छोटा लोखंडी मस्तकाधार उल्काजन्य लोखंडाचा असल्याचे रासायनिक तपासणीतून दिसून आले आहे.

संग्रह आणि व्यापार

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मस्तकाधार तीन मार्गांनी इजिप्तबाहेर गेले: उत्खननातील वस्तूंची सरकार व उत्खनन-संस्था यांच्यात होणारी अधिकृत वाटणी, परवानाधारक विक्रेते आणि चोरटे खोदकाम. कैरोच्या संग्रहालयातही एकेकाळी अधिकृत विक्री-दालन होते. त्यामुळे परदेशातील प्रत्येक मस्तकाधार चोरीचा असतो असे नाही, पण तो कोणत्या मार्गाने गेला हे कागदपत्रांवरूनच ठरते.

खाच्या थडग्यातील मस्तकाधार कोणाचा होता, तो कोणत्या वस्तूंसोबत ठेवला होता आणि त्याच्या मालकाचे समाजातील स्थान काय होते, हे सांगता येते. चोरट्या खोदकामातून आलेला तसाच मस्तकाधार या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही. लाकूड शाबूत राहते, माहिती मात्र कायमची नष्ट होते. नंतर ती वस्तू परत मिळाली तरी ही हानी भरून येत नाही.

मागील मालकीची खोटी नोंद तयार करणे हा या व्यापारातील परिचित गैरप्रकार आहे. ‘अमेरिका विरुद्ध शुल्ट्झ’ या खटल्यात न्यूयॉर्कमधील एका पुरावस्तू-व्यापाऱ्याला २००२ मध्ये दोषी ठरवण्यात आले. इजिप्तमधून चोरट्या मार्गाने आलेल्या वस्तू जुन्या इंग्रजी संग्रहातील आहेत असे भासवण्यासाठी काल्पनिक संग्रहाचे नाव देऊन कृत्रिमरीत्या जुनाट केलेल्या चिठ्ठ्या वापरल्याचे त्यात उघड झाले.

अस्सलपणाची तपासणी

हत्यारांच्या खुणा, वापराने आलेली झीज, रंगाचे अवशेष आणि लाकडाची जात यांवरून तज्ज्ञ प्राथमिक मत बनवतात. किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने लाकडाचे वय कळते, कोरीवकामाचे नव्हे. शवपेटीच्या जुन्या फळीतून आज घडवलेली वस्तूही या चाचणीत प्राचीन ठरू शकते. पूर्व आफ्रिकेतील अलीकडचे मस्तकाधार आकाराने जवळचे असल्याने तेही इजिप्शियन समजले जाण्याचा धोका असतो.

कायदेशीर स्थिती

इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरल्या आणि त्यांचा व्यापार थांबला. सांस्कृतिक संपदेच्या अवैध हस्तांतरणाविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. इजिप्तने तो १९७३ मध्ये आणि भारताने १९७७ मध्ये स्वीकारला. भारतात ‘पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२’ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. किमान शंभर वर्षे जुन्या कलावस्तू व कारागिरीच्या वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येतात. त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या निर्यात करता येत नाहीत.

महाराष्ट्रातील संदर्भ

परदेशी पुरावस्तू विकत न घेता लोकांसमोर आणण्याचा मार्ग म्हणजे संग्रहालयांमधील तात्पुरती देवघेव. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन सुरू झाले. त्यासाठी लंडन, बर्लिन आणि लॉस एंजेलिस येथील संग्रहालयांनी काही मुदतीसाठी शिल्पे दिली होती.

घरगुती वापराच्या वस्तूंना पुरावस्तूचे मोल कसे येते, हे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्पष्ट होते. दिनकर गंगाधर केळकर यांनी जमवलेले दिवे, अडकित्ते, भांडी आणि कोरीव दारे तेथे आहेत. लालबागजवळच्या भायखळ्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथे एकोणिसाव्या शतकातील कारागिरीच्या वस्तू जपलेल्या आहेत.

जतन

इजिप्तच्या कोरड्या वाळूत लाकूड हजारो वर्षे टिकते. दमट हवेत तेच फुगते, आकसते, तडकते आणि त्याला बुरशी व वाळवी लागते. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात पावसाळा हा अशा वस्तूंसाठी सर्वांत कठीण काळ असतो. बंद काचपेटीत स्थिर आर्द्रता राखणे आणि प्रखर प्रकाश टाळणे आवश्यक असते. तेल किंवा पॉलिश लावल्यास मूळ रंग, कापडाचे धागे आणि वापराच्या खुणा नाहीशा होतात, त्यामुळे तसे करणे टाळले जाते.

हेही पहा

तुतनखामेन, मृतांचे पुस्तक, हॉवर्ड कार्टर, राजा दिनकर केळकर संग्रहालय, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय