पडद्याआडचा आवाज

आमच्या अंबडच्या घरात रेडिओ पडद्यात राहायचा. अम्मीने क्रोशाने विणलेले पांढरे झाकण त्याच्यावर असे आणि ते उचलायचा हक्क फक्त अब्बांचा. लाकडी पेटी, आत व्हॉल्व्ह. बटण फिरवले की अर्धा मिनिट काहीच नाही. मग व्हॉल्व्ह तापत आणि दुरून कुणी चालत यावे तसा आवाज जवळ येई. त्याच्या लायसन्सचे पैसे पोस्टात भरावे लागत; ते पुस्तक रेशनकार्डासोबत पेटीत जपलेले असे. अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, जालना जिल्हा व्हायचा होता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्या रेडिओवर ऐकलेला आवाज हाच माझ्यासाठी उत्तम आवाज, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो.

मागच्या वर्षी पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला. ‘अब्बा, तुमच्यासाठी स्पीकरची जोडी बघून ठेवलीय.’ किंमत विचारली तर तीन लाख! तिची दोन वर्षांची शिल्लक. नको म्हणावे तर तिचे मन मोडते, घ्यावे तर माझी झोप उडते. शेवटी मी एवढेच म्हणालो, ‘आधी कानाने ऐकू, मग बोलू.’ आणि कानाने ऐकणे म्हणजे नेमके काय, हे शोधत बसलो.

मित्रहो, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१५च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने गावोगावी जाहीर परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रंगमंचावर गायिका आणि शेजारी ग्रामोफोनसारखे यंत्र. मध्येच दिवे मालवत आणि गाणे कोण म्हणते आहे, बाई की यंत्र, हे श्रोत्यांनी ओळखायचे. लोक चक्रावून जात. त्यातल्या अ‍ॅना केस या गायिकेने म्हातारपणी कबूल केले, की मी माझा आवाज यंत्रासारखा करून गात असे! यंत्र माणसासारखे झाले नव्हते, माणूस यंत्रासारखा झाला होता.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, कागदी शंकू आणि त्यामागे चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी, त्याची घडी १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी बसवली. मूळ कल्पना अजून तीच आहे. शंकूचा कागद बदलला, प्लॅस्टिक आले, पेटीचे गणित सुधारले. मग तीन लाख कशाचे?

माझ्यासारख्या गाणे ऐकणाऱ्याला हे तबल्यावरून लवकर कळते. माणसाचा कान तरुणपणी साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. जुन्या रेडिओतून वरचे टोक जेमतेम पाच हजारांपर्यंत येई. माणसाचे बोलणे समजायला तेवढे पुरते. म्हणून बातम्या स्पष्ट ऐकू येत आणि तानपुऱ्याची जवारी मात्र हरवून जाई. तिची झळाळी वरच्या स्वरांशांत असते. आणि डग्ग्याची घुमक? ती शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. तिथे भरपूर हवा हलवावी लागते. छोट्या पेटीला ते झेपत नाही. ती ‘धूम’च्या जागी ‘टप’ म्हणते. महाग स्पीकर मुख्यत्वे ही दोन टोके देतो आणि मधला भाग रंग न चढवता सोडतो. खालचे टोक सगळ्यात महाग पडते. मशिदीवरचा आणि मांडवातला कर्णा बरोबर उलट. त्याला डग्गा नको, त्याला फक्त दूर पोचायचे असते.

पण मधला भाग बिनरंगी आहे हे ठरवायचे कसे? बी.बी.सी.ने याला सोपी युक्ती वापरली. एका खोलीत माणूस बोलतो, दुसऱ्या खोलीत तेच बोलणे स्पीकरमधून ऐकायचे, आणि दोन्हींत फरक काय ते लिहायचे. गाण्यापेक्षा बोलण्यातली लबाडी कानाला लवकर सापडते. ७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून त्यांनी फूटभर उंचीचा एक स्पीकर केला, एल.एस. थ्री फाइव्ह ए. त्यात खोल खर्ज नाही, पण माणसाचा आवाज माणसाचा येतो. गाडीतल्या कामाच्या त्या वस्तूसाठी आज हौशी मंडळी लाखांत पैसे मोजतात.

आणि १९९४ साली शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी तर सगळ्यांची गंमतच केली. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच चाळीस लोकांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. पडदा उठला तसे गुण बदलले. भव्य, देखण्या पेट्यांचे वाढले. स्वस्त, प्लॅस्टिकच्या लहान स्पीकरचे घसरले. आवाज तोच होता.

मग आम्हीही पडदा लावला. पुण्यात एका ओळखीच्यांकडे तीन लाखांची जोडी होती, त्यांच्याच मुलाकडे चाळीस हजारांची. मध्ये चादर टांगली. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो. दुकानदारांना हे पक्के ठाऊक असते. ऐकायला अब्दुल करीम खाँसाहेबांची तीसच्या दशकातली तबकडी, तबल्याचे एक नवे ध्वनिमुद्रण, आणि लेकीने घरी टिपलेले अम्मीचे बोलणे. खाँसाहेब दोन्हींवर सारखेच भेटले. १९३७ साली गेलेल्या माणसाच्या तबकडीत तीन लाखांनाही जे नाही ते कुठून येणार? तबल्यावर महाग जोडी ओळखू आली, प्रत्येक वेळी. अम्मीच्या बोलण्यावर मी पाचांपैकी तीन वेळा स्वस्त जोडीला पसंती दिली. लेक ती उत्तरे वहीत लिहीत होती, एक शब्द बोलत नव्हती.

तिथे मला अब्बा आठवले. शेवटच्या वर्षांत ते म्हणत, ‘रेडिओचा आवाज बसलाय, दाखवून आण.’ मी दोनदा मेकॅनिककडे नेला. तो म्हणाला, काही बिघाड नाही. मी अब्बांवर चिडलो. तिसऱ्या खेपेला समजले की बसला होता तो कान. वय वाढते तसे वरचे स्वर आधी जातात. माझेही आता जाऊ लागले आहेत. जवारीची जी झळाळी मी तीन लाखांना विकत घेणार होतो, ती माझ्या कानाच्या दारातच अडणार होती.

चाळीस हजारांची जोडी घेतली. अंबडला आणून लावली आणि पहिल्याच दिवशी पचका झाला. नुसते घुमत होते! आमचे जुने घर माळवदाचे, पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंतींचे, वर लाकडी किलचन. तिथे बोललेला शब्द भिंत गिळून टाकी. आता स्लॅब आहे, खाली गुळगुळीत फरशी. आवाज भिंतीभिंतीवर आपटून परत येतो. दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवात या गावाने मोठमोठे गाणे ऐकले. त्यावर वाढलेले माझे एक तबलजी मित्र येऊन म्हणाले, ‘स्पीकर नाही रे, खोली बेसूर आहे.’ मग सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली, जोडी कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढली. डग्गा जागेवर आला. खर्च शून्य.

उरलेल्या पैशांचे काय, हे लेकीने अजून सांगितलेले नाही आणि मीही विचारले नाही. परवा बाहेरून आलो तर दोन्ही स्पीकरवर क्रोशाची पांढरी झाकणे. अम्मीचे हात आता थरथरतात, टाके वाकडे पडले होते. ‘धूळ बसते,’ ती म्हणाली. मी झाकणे न काढताच बातम्या लावल्या.