हिरड्यांची राखण करणारी लाळ : तिच्यातील प्रथिने काय करतात, कुठे कमी पडतात?

काकती : काकतीपासून तंबाखूच्या निपाणीपर्यंत अनेक घरांत दिवस अजूनही मशेरीने सुरू होतो. हिरडी दुखली की ‘जरा मशेरी लाव’ हा सल्लाही ठरलेला. पण हिरड्यांची खरी राखण करते ती आपली लाळ.

दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती बहुतांशी पाणीच असते. पण तिच्यातील थोडी प्रथिने मोठे काम करतात.

लायसोझाइम : जंतूंचे बाह्य कवच फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते 1922 मध्ये जगासमोर आणले.

लॅक्टोफेरिन : जंतूंना वाढीसाठी लागणारे लोह बांधून ठेवते.

इम्युनोग्लोबुलिन ए : जंतूंना दातांवर, हिरड्यांवर चिकटू देत नाही.

हिस्टॅटिन : बुरशीला आवर घालते, जखम भरायला मदत करते.

मग पायोरिया होतोच कसा? दातांवर जंतूंचा चिकट थर साचला की आतल्या जंतूंपर्यंत ही प्रथिने नीट पोहोचत नाहीत. लाळेतल्याच कॅल्शियममुळे तो थर कडक होऊन कीटण बनते. हिरडी सुजते, रक्त येते. त्या रक्तातून पायोरियाच्या जंतूंना लोह मिळते आणि लॅक्टोफेरिनची राखण तोकडी पडते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजते, दात हलू लागतो.

तंबाखू यात भर घालते. विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतला रोग लवकर कळतच नाही. तंबाखू जिथे रोज लागते तिथली हिरडी मागे सरकून दाताची मुळे उघडी पडतात. मशेरीने ठणका थांबल्यासारखा वाटतो, रोग थांबत नाही. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच.

मधुमेह असेल किंवा औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल, तर अधिक जपावे. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करणे चुकवू नये. साचलेले कीटण मात्र घासून निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. त्याने दात सैल होतात, हा गैरसमज आहे. काकतीकरांना बेळगाव जवळच. तिथे केएलई आणि मराठा मंडळ या दोन्ही संस्थांची दंत महाविद्यालये आहेत. ब्रश करताना रक्त दिसले, तर दात हलेपर्यंत थांबू नये.