किल्लीबंद धूर : चेसापीक परिसरातील लाकडी धूरघरांचा इतिहास

प्रास्ताविक : मांस खारवून व धुरावर धरून टिकविण्याची कला मानवास फार प्राचीन काळापासून अवगत आहे. मात्र त्यासाठी घराच्या आवारात स्वतंत्र लाकडी वास्तू उभारण्याची प्रथा व्हर्जिनिया व मेरीलँड या चेसापीक उपसागराभोवतीच्या प्रदेशात अठराव्या शतकात चांगलीच रुजली. वास्तुकलेच्या इतिहासात या ‘स्मोकहाऊस’ची नोंद दुय्यम बांधकाम म्हणून केली जाते. वस्तुतः मळ्यावरील अन्नसाठा कोणाच्या हाती होता, हे मालकाच्या भव्य हवेलीपेक्षा या लहानशा खोलीवरून अधिक स्पष्ट होते.

या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांना विस्तवावर अन्न टिकविण्याचे तंत्र ठाऊक होते. जॉन व्हाईट याने १५८५ मध्ये दक्षिणेकडील रोआनोक परिसरात काढलेल्या चित्रांत लाकडी मांडवीवर भाजत ठेवलेले मासे दिसतात. डुक्कर मात्र इंग्रजांनी आणले आणि वसाहतीचा मुख्य मांसाहार तेच बनले.

बांधणी व प्रक्रिया : धूरघराचा तळ चौरस, छप्पर बहुधा चारही बाजूंनी उतरते व टोकदार असे. त्याला खिडकी नसे आणि धुराडेही नसे. मातीच्या जमिनीतील खड्ड्यात ओक किंवा हिकरीची लाकडे ज्वाळा न होऊ देता धुमसत ठेवीत, आणि धूर फळ्यांच्या व छपराच्या फटींतून सावकाश बाहेर पडे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत डुकरे कापली जात. मांस काही आठवडे मिठात मुरवून, धुऊन, आढ्याच्या तुळयांना टांगले जाई. मिठाने मांसातील पाणी ओढून घेतले जाते, तर धुरातील फिनॉल, आम्ले व फॉर्माल्डिहाइड यांमुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि किडे दूर राहतात. म्हणजे धुराची खरी मदार आधीच्या मिठावर असे. धूर देऊन झाल्यावरही मांस तेथेच महिनोन्‌महिने टांगलेले राही. साहजिकच ही वास्तू भट्टीपेक्षा कोठार अधिक होती. तिला भक्कम दार व कुलूप असे.

किल्लीचा प्रश्न : डुकरे कापणे, मीठ चोळणे, विस्तवावर लक्ष ठेवणे ही कामे मोठ्या मळ्यांवर गुलाम करीत; किल्ली मालक किंवा मालकीण यांच्याकडे असे. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आत्मचरित्रात लॉइड यांच्या मळ्यावरील शिधा नोंदविला आहे : दरमहा आठ पौंड (सुमारे ३.६ किलो) डुकराचे मांस किंवा तितकेच मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. पुढे सेंट मायकेल्स येथे थॉमस ऑल्ड याच्या घरी चौघांना मिळून आठवड्याला अर्ध्या बुशेलपेक्षाही कमी पीठ मिळे. धूरघरात अन्न पडून बुरसत असताना स्वयंपाकघरातील माणसे उपाशी राहत, आणि हे माहीत असलेली मालकीण पतीसह रोज सकाळी देवाकडे भरभराटीची प्रार्थना करी, असे त्याने लिहिले आहे. धूरघराविषयी इतकी बोलकी साक्ष कोणत्याही हिशेबवहीत सापडणे कठीण. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्रात तर त्याने अशा अन्नाच्या ‘चोरी’चे उघड समर्थन केले. गुलाम स्वतःच मालकाची मालमत्ता असेल, तर मालकाचे मांस एका पिंपातून दुसऱ्यात गेले, एवढेच घडते, असा त्याचा युक्तिवाद होता.

याच धूरघरांची दुसरी ख्याती समुद्रापार पोचली होती. १७८६ मध्ये मार्था वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन येथून लाफायेत यांच्या पत्नीसाठी व्हर्जिनियातील हॅमचे एक पिंप फ्रान्सला पाठविले.

युद्धकाळातील मीठ : यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत मिठाची तीव्र टंचाई झाली. तेव्हा अनेक कुटुंबांनी धूरघराची जमीन खणली. वर्षानुवर्षे टांगलेल्या मांसातून ठिबकलेल्या खाऱ्या पाण्याने ती माती भिजलेली होती. ती पाण्यात कालवून, गाळून, पाणी आटवून मळकट मीठ मिळविले जाई. व्हर्जिनियातील सॉल्टव्हिल येथील मिठाच्या कारखान्यांसाठी १८६४ मध्ये दोनदा लढाई झाली, यावरून या पदार्थाचे मोल ध्यानात येते.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. धूरघरे मात्र लहान शेतकऱ्यांच्या अंगणांत, घरच्याच फळ्या-खिळ्यांनी बांधली जात राहिली; घरोघरी शीतकपाटे आल्यावर त्यांची गरज ओसरली. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९२६ मध्ये ‘स्मिथफील्ड हॅम’ या नावास कायद्याचे संरक्षण दिले. डुकरे भुईमुगावर पोसलेली असावीत आणि मांस स्मिथफील्ड गावाच्या हद्दीतच खारवून धुरावर धरलेले असावे, अशी त्यातील अट होती. भुईमुगाची अट १९६६ मध्ये वगळण्यात आली. गावाच्या हद्दीची अट कायम राहिली.