जहाजाचा कोळसा, जहाजाचं डिझेल अन् आपला पंप

लाखांदूरला समुद्र नाही. तरी जहाजांचा हा जुना हिशेब आपल्या कामाचा आहे, म्हणून लिहितोय.

5 एप्रिल 1919. वालचंद हिराचंद अन् त्यांच्या भागीदारांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडला निघाली. हा दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट 1891 ची, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली, वाफेवर चालणारी. 1923 मध्ये ती भंगारात गेली.

गंमत अशी, की त्याआधी सात वर्षं, 1912 मध्येच, डेन्मार्कचं 'सेलांडिया' जहाज डिझेलवर थेट बँकॉकला जाऊन आलं होतं.

मग सगळ्यांनी लगेच डिझेल का नाही घेतलं? कारण हिशेब दोन होते, एक खरेदीचा अन् एक चालवण्याचा.

वाफेचं इंजिन स्वस्त. पण कोळशातली दहा-पंधरा टक्केच ताकद कामी यायची, कोळसा मालाची जागा खायचा, अन् भट्टीत रात्रंदिवस फावडं मारायला आगवाले लागायचे. डिझेलचं इंजिन महाग. पण तेवढ्याच उष्णतेतून दुपटीहून जास्त काम, तेल तळातल्या टाक्यांत, माणसंही कमी. वर्षभर लांब फिरणाऱ्या जहाजाला ते परवडे. धक्क्यावर पडून राहणाऱ्याला नाही.

आपल्या देशात कोळसा घरचा, मजुरी कमी. डिझेल इंजिन मात्र परदेशातून आणायचं. 1948 मध्ये विशाखापट्टणमला नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलेली 'जलउषा'सुद्धा वाफेचीच होती.

पुढं बॉयलरही तेलावर आले. 1973 मध्ये तेल भडकलं अन् जास्त तेल पिणारी वाफेची जहाजं मालकांना जड झाली. 'क्वीन एलिझाबेथ 2'सारख्या नामांकित जहाजाचीही वाफेची यंत्रं 1986-87 मध्ये काढून डिझेल बसवलं.

या बचतीत आगवाल्यांची रोजी गेली. मालकाच्या वहीत तो खर्च कुठंच दिसत नाही.

आता आपल्याकडं. धानाच्या पाण्यासाठी डिझेल इंजिन, वीज की सौरपंप, यावर चौकाचौकात वाद चालतो. किंमत सगळे विचारतात. वर्षात पंप किती तास चालणार, इंधन कुणाच्या हाती, बिघडला तर दुरुस्ती कुठं, हे कोणी विचारत नाही. जहाजवाल्यांनी आधी हेच मोजलं होतं.

तुमचा पंप वर्षाला किती तास चालतो? मोजून खाली लिहा.