लिव्हरपूलच्या धक्क्यावरचे भुकेले

१८४७ साली सुमारे तीन लाख आयरिश माणसं लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. १८४१ च्या जनगणनेत शहराची स्वतःची वस्तीही तीन लाखांच्या आतच होती. मायदेशी बटाट्याचं पीक रोगाने कुजलं होतं. भाड्याचे पैसे असणारे पुढे अमेरिकेची बोट धरत; कफल्लक मागे राहत.

पॅरिशकडून, म्हणजे गरिबांना मदत देणाऱ्या स्थानिक विभागाकडून, त्यांना पाव आणि सूप मिळे. निवारा म्हणजे तळघरं. उजेड नाही, वारा नाही आणि ओलसर जमिनीवर एका खोलीत दाटीवाटीने झोपलेली कुटुंबं. त्याच वर्षी टायफसची साथ भडकली. शहराचे नवे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम डंकन यांनी रुग्णांसाठी शेड उभारल्या, मर्सी नदीत रुग्णालय-जहाजंही ठेवली. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारे दहा कॅथलिक धर्मगुरू या तापाने दगावले.

पण मदत मागण्यातही धोका होता. गरिबांचा खर्च स्थानिक करदात्यांवर पडे. त्यामुळे पॅरिशवर भार झालेल्या आयरिश माणसाला दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने बोटीत बसवून परत धाडता येई. १८४७ मध्ये एकट्या लिव्हरपूलने सुमारे पंधरा हजार जणांना असं परत पाठवलं. या भीतीने कित्येकांनी उपाशी राहूनही हात पसरला नाही.

१८४६ च्या कायद्याने एकाच पॅरिशमध्ये सलग पाच वर्षं राहिलेल्यांना अशा परत पाठवणीपासून संरक्षण दिलं होतं. पण स्वस्त खोलीसाठी शेजारच्या पॅरिशमध्ये बिऱ्हाड हलवलं की मुदत पुन्हा पहिल्यापासून! ही अट १८६१ मध्ये तीन वर्षांवर आणि १८६५ मध्ये एका वर्षावर आली. दुष्काळात आलेल्यांना मात्र तोवर फार उशीर झाला होता.