अडाजणचे सोराबजी

नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तेथून गाडी धरायची आणि सुरतेला उतरायचे, हे आम्हा सीमेवरच्या माणसांना नित्याचे. लग्नाचे कापड सुरतेचे, मोठा दवाखानाही सुरतेचाच. पण तापीपलीकडच्या अडाजणकडे मी इतिहासाच्या नजरेने पाहिले ते फार उशिरा. गांधीजींनी लिहिलेला दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास वाचताना सोराबजी शापुरजी अडाजणिया हे नाव आले आणि मी थबकलो. आडनावातच गाव होते!

हे पारशी गृहस्थ नाताळमधील चार्ल्सटाउनला राहत. तेही आमच्यासारखेच सीमेवरचे गाव, पलीकडे ट्रान्सवाल. तेथे 1907 साली कायदा झाला, की प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवावे आणि परवाना जवळ बाळगावा. नव्या हिंदी माणसाला तर दारच बंद करायचे होते. सोराबजींचे ट्रान्सवालमध्ये ना दुकान, ना घर. गेले नसते तर त्यांचे काहीच बिघडत नव्हते. तरी 24 जून 1908 रोजी सरकारला आगाऊ कळवून त्यांनी सीमा ओलांडली. सात दिवसांत चालते व्हा, असा न्यायालयाचा हुकूम झाला. ते गेले नाहीत. जुलैमध्ये महिनाभराची सक्तमजुरी मिळाली आणि पुढे तुरुंगवाऱ्या होतच राहिल्या. हा माणूस कसोटीला टिकेल की नाही, अशी सुरुवातीस शंका होती, हे गांधीजींनी मोकळेपणाने लिहिले आहे.

अहमद महंमद कछलिया हे सुरतेकडचेच कापडाचे व्यापारी. लढा सोडा, नाहीतर उधारी ताबडतोब फेडा, असा तगादा गोऱ्या सावकारांनी लावला. शेठजींनी दिवाळे पत्करले. माल विकून सावकारांची पै न् पै भागली. पेढी मात्र गेली. व्यापाऱ्याच्या घरात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना तुरुंगापेक्षा हे अवघड वाटेल. मला तरी वाटते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. तो लढा आशियाई लोकांपुरताच होता. आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना त्यात स्थान नव्हते. ती भिंत पाडायला पुढची पिढी यावी लागली. सुरतेजवळच्या खोलवडहून गेलेल्या घराण्यातले डॉ. युसूफ दादू यांनी 9 मार्च 1947 रोजी डॉ. झुमा आणि डॉ. नायकर यांच्यासह करारावर सही केली, तेव्हा आफ्रिकी आणि हिंदी संघटना खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

सोराबजींना पुढे बॅरिस्टरीसाठी विलायतेस धाडण्यात आले, खर्च डॉ. प्राणजीवन मेहतांचा. लंडनला गोखल्यांची गाठ पडली. माणूस ओळखण्यात आपले गोपाळराव पक्के. त्यांनी सोराबजींना भारत सेवक समाजात येण्यास सांगितले. पण सोराबजी आफ्रिकेस परतले आणि 1918 साली जोहान्सबर्गला क्षयाने वारले. कछलियाशेठही त्याच वर्षी गेले.

मागच्या खेपेस सुरतेत एका वृद्ध पारशी गृहस्थांना मी सोराबजींविषयी विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. मग खुर्ची पुढे सरकवून गुजरातीत म्हणाले, "बसा. तुम्हीच सांगा."