जुनी फीत, नवा आवाज

१/ नोव्हेंबर २००७. रॅपर जे-झी याचे 'रॉक बॉइज' हे गाणे प्रसिद्ध झाले. त्यातील ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा झळाळता तुकडा १९७०च्या सुमाराच्या एखाद्या विस्मृत तबकडीवरून उचलला असावा, असे कोणालाही वाटावे. हिप-हॉपची ती रूढ रीतच होती. प्रत्यक्षात मूळ तबकडी नवीकोरी होती.

२/ तिचे नाव 'मेक द रोड बाय वॉकिंग' आणि वादक मेनाहन स्ट्रीट बँड. मेनाहन स्ट्रीट हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बुशविक वस्तीतला रस्ता. तेथील आपल्या घरी, झोपण्याच्या खोलीत, गिटारवादक थॉमस ब्रेनेक याने ध्वनिमुद्रणाची सोय केली. डॅप-किंग्ज, अँटिबालास, बुडोस बँड यांतील वादक तेथे जमत. गायक नसे, वाद्येच गात.

३/ संगणकामुळे शेकडो ट्रॅक हाताशी आले असताना ही मंडळी चुंबकीय फितीकडे वळली होती. त्यांच्याच वर्तुळातील डॅपटोन या कंपनीचा बुशविकमधील स्टुडिओ आठ ट्रॅकच्या यंत्रासाठी ओळखला जाई. ट्रॅक मोजके असले की वादकांना एकत्र बसून, एकमेकांचे ऐकत वाजवावे लागते.

४/ फितीचा स्वभावही वेगळा. आवाज फार मोठा झाला की ती त्याचे टोक हळूहळू दाबून गोलाकार करते. कानाला जाणवणारी ती 'ऊब' बऱ्याच अंशी या मर्यादेतून येते.

५/ मग ही केवळ भूतकाळाची नक्कल होती काय? याचे उत्तर चार्ल्स ब्रॅडली याच्या आयुष्यात सापडते. १९६२ साली त्याने अपोलो थिएटरमध्ये जेम्स ब्राऊनला पाहिले. पुढे दारिद्र्य, भटकंती, मिळेल ती नोकरी. आणि रात्री क्लबमध्ये 'ब्लॅक व्हेल्वेट' या नावाने जेम्स ब्राऊनची हुबेहूब नक्कल.

६/ ब्रेनेकने त्याला स्वतःची कहाणी गायला लावले. एका गाण्यात तर त्याच्या भावाच्या हत्येचे दुःख आहे. साथीला होता हाच बँड. 'नो टाइम फॉर ड्रीमिंग' हा ब्रॅडलीचा पहिला अल्बम २०११ साली आला, तेव्हा तो ६२ वर्षांचा होता.

७/ २०१७ साली त्याचे निधन झाले. पहिल्या अल्बमनंतर त्याला सुमारे साडेसहा वर्षे लाभली. ती त्याला मिळवून दिली जुन्या आवाजाच्या ध्यासाने एकत्र आलेल्या तरुण वादकांनी.